दुसरी सही

प्रिय ताई,

तुझा हिरवा स्वेटर मी काढलेला नाही. परवाच्या निरोपात तू लिहिलंस, "बोचक्याच्या गादीतून माझा स्वेटर काढून टाक, माझ्या वासानेसुद्धा त्याला त्रास होत असेल." मी ते तीनदा वाचलं आणि गादीपाशी जाऊन उभी राहिले. स्वेटरच्या कोपराला भोक पडलंय ना, त्यात नाक खुपसून कुत्रं झोपलं होतं. तशीच परत आले. फोनवर उत्तर लिहायला घेतलं तर दोन शब्दांपुढे जाईना, म्हणून हा कागद. तू मला चिडवशील, या शंकाकाकूला एका ओळीच्या निरोपाला चार पानं लागतात. लागतात. आणि पत्राला मध्येच तोडून "बरं बरं, मुद्द्याचं बोल" असं कुणी म्हणत नाही, म्हणून या वेळी मी मुद्द्यापाशी माझ्या चालीनेच येणार आहे.

आधी घरचं. बाबांच्या दुसऱ्या डोळ्यातही आता मोतीबिंदू आहे. पेपरातले मथळे तेवढे दिसतात, खालचं मी वाचून दाखवते. तरी सकाळी गच्चीवर जातातच. वारा कुठून आहे, ढग किती आहेत ते सांगतात आणि मी लिहून घेते. नोकरी सुटून सहा वर्षं झाली, पण हवामान केंद्र काही त्यांना सोडत नाही. आई नेहमीसारखीच. काल म्हणाली, "त्या कुत्र्याचा कान हलला तरी तुला कळतं, आणि तुझ्या आईने केस कापले ते चार दिवस कळलं नाही." खरंच कळलं नव्हतं गं.

बोचक्याचं लिहिण्याआधी मला जरा मागे जाऊ दे. तू त्याला टॉवेलात गुंडाळून आणलंस आणि आई दारातच म्हणाली, "हे कसलं बोचकं उचलून आणलंस?" नाव तिथेच पडलं. कुत्रं तुझं होतं, यात कुणालाच शंका नव्हती, मलासुद्धा. मग दोन वर्षांनी त्याला पहिली फिट आली, तो रविवार. स्वयंपाकघराच्या दारात ते आडवं पडलं, चारही पाय पोहल्यासारखे हलायला लागले, तोंडाला फेस आला. तू धावलीस आणि जीभ गिळेल म्हणून त्याच्या तोंडात बोटं घातलीस. मी काय केलं? मी खुर्ची आणि टेबल बाजूला ओढलं, पडदा लावला आणि घड्याळाकडे बघत उभी राहिले. आई ओरडली, "अगं, कुत्रं मरतंय आणि तू घड्याळ कसलं बघतेस!" एक मिनिट पन्नास सेकंद. तुझ्या बोटाला पाच टाके पडले. प्राण्यांच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तुझं बोट बघितलं, मग विचारलं, "वेळ कुणी मोजली?" मी घाबरत हात वर केला. त्या म्हणाल्या, "शाबास. जीभ कधी गिळत नाहीत ते. तोंडात हात घालायचा नाही, धरून ठेवायचं नाही, लागेल अशा वस्तू दूर करायच्या आणि वेळ मोजायची. पाच मिनिटांच्या पुढे गेलं की सगळं सोडून इथे यायचं. या मुलीने बरोबर केलं."

ताई, तुला हे वाक्य आठवतही नसेल. मला त्यांचा आवाज, टेबलावरची स्टीलची थाळी, सगळं आठवतं. आपल्या घरात आयुष्यात पहिल्यांदा तू चुकली होतीस आणि मी बरोबर होते.

त्याच संध्याकाळी मी वही सुरू केली. तारीख, वेळ, किती सेकंद, आधी काय करत होतं, नंतर ओळखायला किती वेळ लागला. सकाळी सातला गोळी, संध्याकाळी सातला गोळी, उकडलेल्या अंड्याच्या बलकात दडवून. तू नोकरीसाठी गेलीस, सात तासांच्या अंतरावर, तेव्हा दारात म्हणालीस, "आता हे तुझंच." मी ते अगदी शब्दशः घेतलं. सहलीला गेले नाही, मैत्रिणीच्या लग्नाला अर्ध्यातून परत आले, कारण सात वाजत आले होते. हे कुणी मला करायला लावलं नव्हतं, त्यामुळे तक्रार नाही. फक्त एक गोष्ट मला खुपायची. फिट संपली की अर्धा तास बोचकं कुणाचंच नसतं. भिंतींना धडकत फिरतं, हाक मारली तर माझ्याकडे परक्यासारखं बघतं. मी दिवा मंद करून जमिनीवर बसून राहते. आणि मग त्याला पहिली ओळख पटते ती तुझ्या स्वेटरची. घरात नसलेल्या माणसाची! माझी पाळी त्यानंतर येते. वहीत तो रकाना आहे, "ओळख पटली". तिथे मी नेहमी फक्त मिनिटं लिहिली, कशाची ओळख ते कधी लिहिलं नाही.

आपल्या दोघींना वही लिहायला कुणी शिकवलं, ते तुला सांगायला नको. शाळेत जायच्या आधी आपण गच्चीवरच्या तापमापकातला पारा वाचायला शिकलो. बाबांचे नियम केंद्रातलेच होते. दिसेल ते लिहायचं, वाटेल ते लिहायचं नाही. चूक झाली तर खाडाखोड करायची नाही, एकच सरळ रेघ मारायची, म्हणजे खालची चूक वाचता येते. वर बरोबर आकडा, शेजारी आपली सही. आणि त्याच्या शेजारी दुसऱ्या निरीक्षकाची सही, नाहीतर दुरुस्ती धरायची नाही. मी थंडीत कुडकुडत गच्चीवर जायचे. तू पांघरुणातून नाक बाहेर काढून "एकोणीस!" म्हणायचीस, आणि मेला पारा एकोणीसच असायचा. बाबा रागवायचे, पण हसू दाबत. मला वाटायचं, हिने न बघता लिहिलेलं बरोबर निघतं, मी बघून लिहिलेल्याचं कौतुक कुणाला? माझ्या दुरुस्त्यांवर दुसरी सही मात्र कायम तुझीच असायची. कधी विचारलं नाहीस, "का चुकलीस?" सही करायचीस आणि पळायचीस.

आता तीन महिन्यांपूर्वीचे ते आठ दिवस. तू आलीस आणि घर एकदम मोठ्याने बोलायला लागलं. बोचक्याला तू नदीकाठी नेलंस, पळवलंस, ओलं करून आणलंस. मी मागून टॉवेल घेऊन. एका संध्याकाळी गोळीला वीस मिनिटं उशीर झाला, तुझ्यामुळे, आणि काहीही झालं नाही. मला हायसं वाटायला हवं होतं ना? मला राग आला. आठ दिवसांत एक फिट नाही. ते तुझ्या खाटेपाशी झोपायचं आणि सकाळी माझ्या हातून बलक खाऊन, माझ्याकडे न बघता पुन्हा तुझ्याकडे. मला वाटलं, मी याची परिचारिका आहे आणि ही याची माणूस आहे.

निघताना तू बूट घालत म्हणालीस, "नवीन घर तळमजल्यावर आहे, मागे गवत आहे. बोचक्याला नेऊ का पुढच्या महिन्यात? तूही जरा मोकळी होशील." आई लगेच म्हणाली, "ने बाई ने. हिला निदान संध्याकाळी सातनंतरचं जग दिसेल." सगळे हसले, मीही हसले. तू मनापासून म्हणत होतीस हे मला तेव्हाही कळत होतं. पण "मोकळी" हा शब्द मला टोचला. चार वर्षं मी जे धरून होते, ते तू बुटाची नाडी बांधता बांधता सोडवून टाकलंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई ऑफिसला गेली, बाबा फिरायला. बोचकं दाराकडे तोंड करून बसलं होतं. मी बलक पुढे केला, त्याने मान वळवली. पुन्हा पुढे केला. त्याने तो तोंडात घेतला, बलक गिळला आणि गोळी माझ्या तळव्यावर काढून ठेवली, व्यवस्थित, एखादी वस्तू परत करावी तशी. तिसऱ्यांदा पोटात गेली. मग ते पुन्हा दाराकडे. मी वही उघडली. त्या दिवशीचं ते पान मी तुला फोटो काढून पाठवलं होतं. "सकाळी सात चाळीस. फिट. चार मिनिटं. ओळख पटायला पन्नास मिनिटं. संभाव्य कारण : आठ दिवसांची धावपळ आणि उत्तेजना."

ताई, सात चाळीसला काहीही झालं नव्हतं. बोचकं दाराशी बसलं होतं, एवढंच झालं होतं.

ती ओळ लिहायला मला फोटो काढण्याइतकाही वेळ लागला नाही. अक्षरसुद्धा हललं नाही. तुझं उत्तर आलं, "माझ्यामुळे झालं ना? अरे देवा. राहू दे त्याला तुझ्याकडेच." मला वाटलं होतं तू भांडशील, म्हणशील, "शंकाकाकू, तुला वाटतंय तसं काही नसतं." तू भांडली नाहीस. वहीत होतं म्हणून तू मानलंस. त्यानंतर तू आली नाहीस, फोनवर त्याला हाक मारायचीस तेही बंद केलंस. मी जिंकले होते, आणि घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

आणखी एक व्हायचं होतं, त्याचा मी विचारच केला नव्हता. डॉक्टरबाई महिन्याने वही बघतात. चाळीस दिवसांच्या अंतराने येणारी दीड-दोन मिनिटांची फिट त्यांना एकदम तेरा दिवसांवर आणि चार मिनिटांवर आलेली दिसली. त्यांनी गोळी वाढवली. मी समोर बसले होते. तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर "जेवणाआधी द्यायची की नंतर?" मग बोचकं पाण्याची भांड्यावर भांडी संपवायला लागलं. मागचे पाय फाकायला लागले. दिवसभर झोप. मी तेही सगळं वहीत लिहिलं, प्रामाणिकपणे, मिनिटासकट! सोमवारी दाराच्या दोन पायऱ्या चढताना ते मागच्या मागे घसरून पडलं. ओरडलं नाही. उठायचा प्रयत्न करत माझ्याकडे बघत राहिलं, मी उचलणार या खात्रीने. ज्या नजरेसाठी मी हे सगळं केलं, ती मला पायरीखाली मिळाली. त्याच संध्याकाळी तुझा स्वेटरचा निरोप आला.

काल मी डॉक्टरबाईंकडे जाऊन सांगितलं. त्या रागवल्या नाहीत, तेच कठीण होतं. चष्मा काढून पुसत राहिल्या. "रक्ताच्या तपासणीत औषध वरच्या टोकाला होतं," म्हणाल्या, "कमी करावं असं मला वाटलं होतं. पण वही तुमची होती, म्हणून मी वहीचं ऐकलं. त्याला बोलता येत नाही हो. तुम्ही खोटं लिहिलंत की मी आंधळी." आता गोळी हळूहळू खाली आणायची आहे, एकदम बंद करणं धोक्याचं असतं. पाय सुधारतील असं त्या म्हणाल्या. या काळात फिट यायची शक्यता जास्त, म्हणून घरात सतत कुणीतरी लक्ष ठेवणारं हवं. "एकटीने करू नका," म्हणाल्या.

घरी येऊन बाबांना सांगितलं. तेव्हा ते गच्चीवरच्या खुर्चीत होते. खुर्ची माझ्याकडे वळवली. मग विचारलं, "रेघ मारलीस?" मी म्हटलं, "मारली." "एकच?" "एकच." "आणि दुसरी सही?" मी म्हटलं, "तुम्ही करा." तर म्हणाले, "मला न दिसणाऱ्या कागदावर मी सही करत नाही. जिच्यावर नोंद ढकललीस, तिच्याकडे ने."

म्हणून हे पत्र. त्या ओळीवर मी रेघ मारली आहे, खालचं सगळं वाचता येतं. वर लिहिलंय, "सात चाळीसला फिट आली नाही. कुत्रं दाराशी बसून ताईची वाट बघत होतं." शेजारी माझी सही आहे. चार वर्षांचा "ओळख पटली" हा रकानाही पुरा करत बसले आहे. प्रत्येक मिनिटापुढे "स्वेटर" असं लिहायचं आहे, निम्मं झालंय. बोचकं कुणाकडे राहायचं ते तू आल्यावर खरी वही समोर ठेवून ठरवू. तू नेलंस तर गोळ्यांच्या वेळा मी लिहून देईन आणि रडणार नाही असं मात्र लिहून देणार नाही. माफ कर असंही लिहीत नाही, ते मी तोंडाने म्हणेन. फक्त ये. दुरुस्ती अजून धरलेली नाही, माझ्या सहीशेजारची जागा रिकामी आहे.

तुझीच, चुकलेली,
शंकाकाकू