रीसेट केल्यानंतर

१२ नोव्हेंबर
उद्या सूनबाईचा शेवटचा पेपर, आणि त्या हॉलवर पर्यवेक्षक मी. प्राचार्यांना आधीच सांगितलं — घरचं माणूस आहे, दुसऱ्या कुणाला नेमा. "बाई, तुमच्यावर शंका घेणारा अजून जन्मायचाय!" बरं.

नवा नियम — पेपरआधी प्रत्येक कॅल्क्युलेटर रीसेट करायचा. पोरं त्यात सूत्रं भरून आणतात. आमच्या वेळी लॉग टेबल. त्यात कोण काय लपवणार!

घर, नोकरी, लेकरू सांभाळून इंजिनिअरिंग करतेय पोरगी. आज भाजी निवडताना पुन्हा बजावलं — यंत्राला आधी उत्तर माहीत असलेलं गणित घाल, मग विश्वास ठेव.
"शंभरदा सांगून झालंय, आई."
"मग ही एकशे एकावी."

१३ नोव्हेंबर
सगळे कॅल्क्युलेटर माझ्या हाताने रीसेट केले. तिचाही. पेपर सुरू होतोय तोच ही उभी! "रीसेटमुळे डिग्री मोड आलाय, सगळ्यांनी रेडियनवर घ्या!" भर हॉलमध्ये! खाली बसवलं. अहवाल लिहिला — परीक्षेत बोलली. तिने निमूट सही केली.

घरी चिरंजीव फुगलेले. "घरचीच सापडली तुला?"
तिला म्हटलं, हात वर करून मला बोलवायचं होतंस.
"तुम्ही 'बोलू नका' म्हणाला असतात, आई."
म्हणाले असते.

१४ नोव्हेंबर
स्वतः करून पाहिलं. रीसेट केलं की यंत्र कोन डिग्रीत मोजतं. पेपरातली गणितं रेडियन या दुसऱ्या मापातली. उत्तरं साफ चुकतात आणि यंत्र चकार शब्द काढत नाही. अख्खा हॉल बुडाला असता — माझ्या बोटाने! तिने आधी माहीत असलेलं गणित घातलं, म्हणून कळलं.

२० नोव्हेंबर
चौकशी समितीपुढे गेले. ती बोलली, हे खरं. पण ते मी बोलायला हवं होतं, हेही लिहून घ्या.
अध्यक्ष हसले. "बाई, तुम्ही फिर्यादी की वकील?"
"दोन्ही."
बाहेर तिच्या वर्गातली पोरं थांबलेली. "तुमच्या सुनेमुळे वाचलो, मॅडम!" ओळख माझी अशी कधी कुणी करून दिली नव्हती. ताठ मानेने घरी आले.

३ डिसेंबर
समितीचा निर्णय — बोलणं ते बोलणं. तिचा पेपर रद्द. एप्रिलात पुन्हा बसायचं.
सोबत नवी सूचना: रीसेटनंतर पर्यवेक्षकाने मोठ्याने सांगावं, "सगळ्यांनी मोड तपासा." एप्रिलात ते मीच सांगणार, खणखणीत! आणि सूनबाई पहिल्या बाकावर बसून ऐकणार — गप्प!