इंजिन चालू असताना १३.८

३ मे, संध्याकाळी ६
उद्या निघतोय. पिकअपच्या पाठीवर खोली बसवून झाली. दोन पलंग, सिंक, पाण्याचा पंप, पंखा, फ्रिज. सगळं चालणार दुसऱ्या बॅटरीवर आणि दुसरी बॅटरी चार्ज होणार गाडीच्या इंजिनवर. इतकं सोपं आहे.

मेस्त्रीने उगाच घोळ घातला. वायर अंगठ्याएवढी जाड हवी म्हणे, मध्ये चार्जर हवा, आणि इंजिन थांबलं की दोन बॅटऱ्या वेगळ्या करणारा एक कट-ऑफ हवा, नाहीतर उभ्या गाडीत मेन बॅटरीपण उतरेल. मी नुसता हसलो. बत्तीस वर्षं ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात काढली आहेत. स्टोअर्समध्ये काढली, पण कारखाना ट्रान्सफॉर्मरचाच होता ना! माळ्यावर दाराच्या बेलची वायर पडून होती, आठ मीटर. तीच ओढली. दोन बॅटऱ्या थेट जोडल्या. तांबं ते तांबं.

हिने एकच विचारलं, फ्रिज बंद पडणार नाही ना? हिचं इन्सुलिन आहे त्यात, तीन आठवड्यांचं. दिवसातून चारदा टोचून घेते, लग्नाआधीपासून. म्हटलं, फ्रिज माझ्यावर सोड.

संकल्प: रोज तीनदा व्होल्टेज या वहीत. वही माझी, कोणी वाचायची नाही.

४ मे, दुपारी २
इंजिन चालू. १३.८. फुल्ल! मीटरचा फोटो मेस्त्रीला पाठवला. उत्तर आलं, 'साहेब, तो आकडा इंजिनचा, बॅटरीचा नव्हे. इंजिन बंद करून बघा.' लोकांना बघवत नाही.

५ मे, सकाळी ६.३०
११.९. मीटर नवीन आहे, रुळायला वेळ लागणार.

६.४०. इंजिन सुरू केलं. १३.८. म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे, फक्त इंजिन बंद असलं की आकडा चुकीचा येतो. यापुढे आकडा इंजिन चालू असतानाच घ्यायचा.

हिने सांगितलं की पहाटे फ्रिजचा आवाज येत नव्हता. म्हटलं, चांगल्या फ्रिजचा आवाज येतच नाही.

६ मे, रात्री ९
शिस्त लावली. दिवा फक्त अर्धा तास. पंखा बंद. फोनचं चार्जिंग बंद, एकच फोन पुरे, माझा. ही पुस्तक वाचत होती, दिवा काढला. पुस्तक मिटून ठेवलं. तिचा स्वभाव चांगला आहे, फक्त विजेची समज नाही.

व्होल्टेजचा ग्राफ काढायला लॅपटॉप दोन तास लावला. अभ्यासाला वीज लागतेच.

फ्रिज रोज सहा तास बंद ठेवायचं ठरवलं. दार न उघडता गारवा टिकतो. ही म्हणाली, दार उघडल्याशिवाय इन्सुलिन कसं काढू? प्रत्येक गोष्टीत खोडा.

७ मे, दुपारी ३
कॅम्पसाइट चांगली आहे. प्रत्येक गाडीशेजारी विजेचा खांब, खांबावर सॉकेट. ही म्हणाली, प्लग लावू या. मी नाही म्हटलं. प्लग लावूनच राहायचं तर घर काय वाईट होतं? सगळे प्लग लावून बसले होते, मेंढरांसारखे. आमचीच गाडी काय ती स्वावलंबी.

शेजारच्या व्हॅनमध्ये एक बाई आहेत, पूर्वी नर्स होत्या. हिच्याशी बोलत होत्या. इन्सुलिन आमच्या फ्रिजमध्ये ठेवा म्हणाल्या. हिने माझ्याकडे पाहिलं. मी बाईंना सांगितलं, आमच्याकडे फ्रिज आहे. ही मान खाली घालून आत गेली.

सोलरचं पॅनेलही आणलंय, छपरावर टाकलं. गाडी झाडाखालून काढून उन्हात लावली. मी झाडाखाली खुर्ची टाकून लक्ष ठेवलं. हिला आत बसवलं, कुणीतरी फ्रिज ऐकायला हवा.

फ्रिजमध्ये ३४ अंश. बाहेर ४३. नऊ अंशांचा फरक! आणि म्हणे फ्रिज चालत नाही.

८ मे, सकाळी ७
निघालो लवकर. नर्सबाई निरोप द्यायला आल्या होत्या, हिच्या हातात बर्फाची पिशवी देत होत्या. मी परत केली. आज बर्फ घेतला की उद्या प्लग घ्यावा लागतो.

संध्याकाळी ५. इंजिन चालू. १३.८. मात्र एक नवीन अडचण. पाण्याचा पंप. ही फार पाणी पिते. आज पंप चौदा वेळा चालला, मी मोजलं. प्रत्येक वेळी सात अँपिअर. सांगितलं, घोट घोट पी. म्हणाली, तहान भागत नाही. उन्हाळ्यात सगळ्यांनाच तहान लागते, म्हणून काय सगळे पंप चालवतात?

९ मे, संध्याकाळी ६
पंप एकवीस वेळा. शिवाय दर तासाला गाडी थांबवा, हिला जायचं असतं. थांबलं की इंजिन बंद, इंजिन बंद की चार्जिंग बंद. एकशे चाळीस किलोमीटरला पाच तास लागले. प्रवास मी आखतो आणि वेळापत्रक हिचं मूत्राशय ठरवतं. हे तिला बोलूनही दाखवलं. मन मोकळं केलेलं बरं.

चिरंजीवांचा फोन, आईचा फोन का लागत नाही? शिस्तीचं सांगितलं. आईला द्या म्हणाला. आई झोपली होती. आजकाल दुपारची झोपते, पुन्हा संध्याकाळी झोपते. सुट्टी मानवलेली दिसते. शुगर किती आहे म्हणून त्याने विचारलं. सांगितलं, नॉर्मल असणार, न घेतलेला आकडा वाईट कशाला धरायचा? आणि त्याला बॅटरीचा ग्राफ पाठवला. त्याने पुन्हा शुगरच विचारली. त्याचं गणित पहिल्यापासून कच्चं.

१० मे, सकाळी ८
हिने इन्सुलिनची बाटली आणून दाखवली. आत कचऱ्यासारखं काहीतरी तरंगतंय, टोचलं तरी शुगर उतरत नाही, म्हणाली. जवळच्या गावात नवीन घेऊ या. मी बाटली उजेडात धरली. हलवून घे म्हटलं. दोन आठवड्यांचं औषध फेकून द्यायचं म्हणजे फ्रिज नापास झाल्यासारखंच की. जवळचं गाव बावीस किलोमीटर मागे होतं. मी मागे वळत नसतो.

दुपारी १. मीटर वाच म्हटलं, तर आकडे धूसर दिसतात म्हणते. चष्म्याचा नंबर बदललेला दिसतोय. घरी गेल्यावर बघू.

तोंडाला फळांसारखा वास येतोय. लपून काही खाते वाटतं. फळं फ्रिजमध्ये ठेवू नको असं बजावलं होतं. फ्रिज धुंडाळला, फळं नाहीत. म्हणजे बाहेर खाते. इतक्या वर्षांत माझ्यापासून काही लपवलं नव्हतं हिने. वाईट वाटलं. जेवायला बोलावलं तर नको म्हणाली.

४ वाजता. इंजिन चालू. १३.८.

११ मे, सकाळी ९
तळ्याकाठी मुक्काम. माणूस नाही, प्लग नाही. हेच मला हवं होतं.

हिला उलट्या होतायत. रस्ता वळणांचा होता. सिंक धुवायला पंप नऊ वेळा.

सकाळी ११. श्वास फार जोरात घेते. गाडीत बसून घे म्हटलं, तर उठता येईना. माझा हात धरला आणि म्हणाली, "अहो, मला दवाखान्यात न्या." लग्नाला छत्तीस वर्षं झाली, हिने कधी असं काही मागितलं नव्हतं. लगेच उठलो.

११.१०. चावी फिरवली. टिक. पुन्हा फिरवली. टिक.

११.२५. मेन बॅटरी ९.४. उभ्या गाडीत फ्रिजने दोन्ही खाल्ल्या.

११.४०. फोनला रेंज नाही. रस्त्यावर पळत आलो. एक दुधाचा टँकर थांबवला. ड्रायव्हर माझ्यापेक्षा वयाने मोठा. हिला दोघांनी उचलून वर चढवलं. हिला आडवं केल्यावर केबिनमध्ये माझ्यासाठी जागा नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, मागून या. कशाने येऊ? तो गेलासुद्धा.

२ वाजता. पायी नऊ किलोमीटर चालून दवाखाना गाठला. वाटेत दोन गाड्यांनी उचललं नाही.

१२ मे, सकाळी १०
वाचली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, टँकर आणखी दोन तास उशिरा आला असता तर काही खरं नव्हतं. रात्रभर नळीतून इन्सुलिन आणि सलाइन चालू होतं.

बाईंनी विचारलं, त्रास कधीपासून? नक्की आठवेना. मग वही आठवली. सगळं तारखेनिशी आहे म्हटलं, आणि दिली. कोणी वाचायची नाही असं ठरलं होतं, पण डॉक्टरांना चालतं.

बाईंनी उभ्याउभ्या वाचली. पंप चौदा, पंप एकवीस, दर तासाला थांबा, धूसर आकडे, फळांचा वास. त्या वासाचं कारण मला त्यांनी समजावलं, इन्सुलिन निकामी झालं की शुगर रक्तातच साचते, शरीर चरबी जाळतं आणि श्वासाला तसा वास येतो. फळं कुणी खाल्ली नव्हती.

मग वही माझ्या हातात देत म्हणाल्या, "सगळं लिहिलंय की तुम्ही."

कौतुकानेच म्हणाल्या असाव्यात. इतक्या नीट नोंदी कोण ठेवतं? पण बोलताना माझ्याकडे पाहत नव्हत्या.

१३ मे, दुपारी ४
चिरंजीव आला, रात्रभर गाडी चालवून. मला भेटायच्या आधी डॉक्टरांना भेटला. वही मागितली. नाही म्हणता आलं नाही. बाकावर बसून सबंध वाचली, मी शेजारी बसून होतो. नर्सबाईंच्या बर्फापाशी दोनदा थांबला. मग वही मिटली. मी त्याला सांगितलं की खरा दोष कट-ऑफ नसल्याचा, वायरीचा नव्हे. तो उठून पाणी आणायला गेला.

१४ मे, सकाळी ११
हिला आज बसवलं. चेहरा उतरलाय, हात सुयांनी काळानिळा झालाय. मी खुर्ची जवळ ओढली आणि सगळं समजावून सांगितलं, यापुढे काय करणार ते. जाड वायर, चार्जर, कट-ऑफ. पुढच्या वेळी फ्रिज चोवीस तास चालेल. ऐकून घेतलं. ही नेहमीच ऐकून घेते.

मग म्हणाली, "माझी बॅग मुलाजवळ द्या. तुम्ही नका येऊ."

म्हटलं, गाडी दुरुस्त झाली की येतोच मागून, दोन दिवसांत. ती म्हणाली, "घरी नका येऊ." आणि भिंतीकडे तोंड केलं.

औषधाचा परिणाम असणार. चिरंजीवाला विचारलं, आई असं का बोलते? तो म्हणाला, आई शुद्धीवर आहे, बाबा.

१५ मे, दुपारी १२
गेले दोघं. बॅग मीच गाडीपर्यंत नेली. काचेतून हात केला. हिच्या मांडीवर बर्फाचा डबा होता, नवं इन्सुलिन त्यात. धरून बसली होती दोन्ही हातांनी.

१६ मे
नोंद नाही.

१७ मे, सकाळी १०
तळ्यावरून गाडी ओढून आणली. गावात एक ऑटो-इलेक्ट्रिशियन आहे, म्हातारा, बोलतो कमी. बेलची वायर उपसून काढली, माझ्याकडे पाहिलं आणि पिंपात टाकली. अंगठ्याएवढी वायर, चार्जर, कट-ऑफ. पन्नास मिनिटं लागली, चहासकट. मी त्याला सांगितलं की मी मुळात हेच म्हणत होतो.

१८ मे, सकाळी ६.३०
इंजिन बंद. १२.७. फ्रिज रात्रभर चालू होता, आत ४ अंश. पहिल्यांदा! फोटो काढला, हिला पाठवला. चिरंजीवाचं उत्तर आलं, आईचा फोन माझ्याकडे आहे, तिला फोटो पाठवू नका.

७.१५. इलेक्ट्रिशियन तपासायला आला. मीटर लावलं, मान हलवली. म्हणाला, आता आठवडाभर उभी राहिली तरी फिकीर नाही. मग फ्रिजचं दार उघडून आत हात घातला, गारवा बघायला, आणि सहज विचारलं, एवढं गार कशासाठी लागतं तुम्हाला?

म्हटलं, आता कशासाठीच नाही.