मुलुंडात लिहिलेलं पुराण

मुलुंड पूर्व,
१२ ऑगस्ट २०२३

चि. सौ. शुभास,
अ. उ. आ. (संक्षेप पत्राचा आहे, आशीर्वाद पूर्ण आहेत.)

तुझं पत्र पोचलं. फोनवर आपण भांडतो. कागदावर निदान एकाचं बोलणं पुरं होतं.

तू लग्न होऊन तंजावरला गेलीस तेव्हा इथले लोक विचारायचे, तंजावर म्हणजे ती सोनेरी चित्रं ना? आता एक सिनेमा काय आला, मोठ्या देवळापुढे रील काय झाल्या, भिंतीवरचा मराठी शिलालेख बघायला बोरिवलीहून बसच्या बस निघतात. आणि आमची शुभी त्यांची गाईड. शाळेत इतिहासात काठावर पास झालेली.

राजवाड्यापासून बसची मंडळी तुझ्या घरी जेवायला येईपर्यंत मधल्या गल्लीत दाखवायला काही नाही, म्हणून तुझ्या दारातल्या विहिरीवर 'काहीतरी जुन्यासारखं' लिहून दे, असा हुकूम आहे. घे:

कूपेऽस्मिन् या मुखं पश्येत् सा पश्येत् पितृमन्दिरम् ।

या विहिरीत जी तोंड पाहील, तिला माहेर दिसेल. शेवटी 'इति पुराणे' जोड. कोणत्या, ते मोघम ठेवलंय. वाचा आणि हसा.

लोभ आहेच, तो तिकडच्या उकाड्यात आटवू नकोस.
तुझा दादा,
चंद्रप्रकाश

तंजावर,
२ डिसेंबर २०२३

ती. दादास,
शुभाचा सा. न. वि. वि.

हसलं कुणीच नाही रे. मी वाचलं, 'इति पुराणे' म्हटलं. मग सगळ्या बायका एकेक करून विहिरीवर वाकल्या. एकीला डोंबिवलीची आई दिसली म्हणे, एकीला कणकवलीची पडवी. कुणीतरी रील टाकली. आता दिवसाला तीन गाड्या येतात. राजवाडा अर्ध्या तासात उरकतात आणि माझ्या दारात दोन तास उभ्या राहतात.

शेजारचे दशरथराव नोकरी सुटून घरी बसले होते, त्यांनी नारळपाण्याची गाडी लावली. टूरवाला केतन मला 'पुराणवाल्या ताई' म्हणतो. मी खरं सांगणारच होते, पण रोज उद्यावर जातं. शिवाय आणखी एक श्लोक असेल तर पाठव. मागच्या अंगणात पिंपळ आहे.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे म्हणूनच तुला कामाला लावते.
तुझी शुभा

मुलुंड पूर्व,
१८ जानेवारी २०२४

चि. सौ. शुभास,
अ. उ. आ.

पिंपळाला श्लोक मिळणार नाही. परवा सोसायटीच्या हळदीकुंकवात माझाच श्लोक मला ऐकवला गेला. मी उच्चार सुधारायला गेलो तर तळमजल्यावरची मानसी म्हणाली, काका, तुम्ही शाळेत शिकवायचात ते वेगळं, हे पुराणातलं आहे. तीस वर्षं संस्कृत शिकवल्याचं हे फळ.

इथवर गंमत होती. पण आमच्या वरच्या मजल्यावर नीलम राहते. साकीनाक्याला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला असते. जूनमध्ये तिची आई गेली. ही कामावर होती, पोचेपर्यंत उशीर झाला. तिने केतनच्या टूरमध्ये नाव घातलंय, विहिरीसाठी. मला जिन्यात थांबवून अर्थ विचारला, आणि मी सांगितला गं. शब्दशः, अन्वयासकट. हे मी रचलंय एवढं मात्र तोंडातून निघालं नाही. तेव्हापासून पुस्तक उघडतो नि मिटतो, घरात येरझारा घालतो. तुझी वहिनी म्हणते, बसा नाहीतर बाजारात तरी जा.

शुभे, पुढच्या गाडीला खरं सांगून टाक.

लोभ आहे, पण सध्या त्याला स्वस्थता नाही.
दादा

तंजावर,
२५ जानेवारी २०२४

ती. दादास,
सा. न.

लिहिलंस तू, सांगायचं मी? वा. माझ्या शब्दावर गाड्या येतात. एकदा मीच म्हटलं की विहिरीचं खोटं होतं, की उद्या शिलालेखातली खरी तारीख सांगितली तरी लोक माझ्या तोंडाकडे बघतील. सत्तावीस वर्षं इथे मी 'बॉम्बेची सून' होते. आता कुठे गावाला माझं नाव माहीत झालं. आणि सगळी पुराणं कुणीतरी लिहिलीच असतील ना? त्यांच्या बहिणींना कुणी जाब विचारला?

नीलमला मी सांभाळून घेईन. तू बाजारात जा.

राग आहे, लोभही आहे. दोन्हींची पोच दे.
शुभा

तंजावर,
११ फेब्रुवारी २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नीलम आली होती. सगळ्यांत शेवटी वाकली आणि वाकूनच राहिली. केतनने शिटी वाजवली तरी उठेना. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, ताई, मला काहीच दिसत नाही, आई रागावली असेल का माझ्यावर.

दादा, मी तिथेच सांगितलं. सगळ्यांसमोर. हे पुराण नाही, माझ्या भावाने मुलुंडात बसून लिहिलंय. एक बाई माझ्यावर खूप ओरडल्या. नीलम पायरीवर बसली. मला एवढंच म्हणाली, म्हणजे माझं काही चुकलं नाही ना.

केतनने मला काढलं. आता विकी नावाचा नवा मुलगा गाडी घेऊन येतो. माझ्याच दारात उभा राहून श्लोक म्हणतो, माझ्यापेक्षा मोठ्याने, आणि पदरच्या दोन ओळी जोडून. विहीर सगळ्या गल्लीची, त्याला हटकू कशी? मी खिडकी लावून घेते. जेवायलाही कुणी येत नाही. भांडी घासायला नाहीत म्हणून हात शिवशिवतात.

लोभ असू दे, सध्या तेवढाच हाताशी आहे.
शुभा

मुलुंड पूर्व,
१७ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. शुभास,
अ. उ. आ.

काल मी वर जाऊन नीलमला भेटलो. श्लोक माझा आहे, जिन्यात लपवलं, असं म्हणालो. ती म्हणाली, ताईंनी सांगितलं तेव्हाच कळलं. बस म्हणाली नाही. दारातूनच परत आलो.

सत्तावीस वर्षांत मी तुझ्या घरी आलो नाही. कधी परीक्षा, कधी पेपर तपासणी, कधी गुडघे. कारणं मात्र नेहमी व्याकरणशुद्ध. येत्या गुरुवारचं तिकीट काढलंय. शनिवारी सकाळी मी विहिरीशी उभा असेन, आणि जी वाकेल तिला हे कुणी, कधी आणि का लिहिलं ते सांगेन. विकीला व्याकरणही सांगेन, त्याच्या दोन ओळी वृत्तात बसत नसणार. लोक ओरडले तर ते माझ्या नावावर, तू खिडकी लावूनच बस.

आणि राहवलंच नाही तर बाहेर ये. पण बहीण म्हणून ये, गाईड म्हणून नको.

लोभ बरोबर घेऊनच येतो आहे.
दादा