उद्घाटनाचा दगड

बाबा, आज आईला डायलिसिसहून घरी आणलं, झोपवलं आणि दुकानात येऊन तुमच्या पाटावर कागद घेऊन बसलोय. तुम्ही गेलात त्याला बारा वर्षं झाली. मधल्या काळात सांगण्यासारखं बरंच होतं, पण धंद्याच्या नादात राहून गेलं. आज मात्र सांगितल्याशिवाय हात चालत नाहीये. मी जे केलं त्याने मीच हादरलोय.

दिंडोशीत, आपल्या वसाहतीपासून चालत पाच मिनिटांवर, डायलिसिस केंद्र बांधून झालं. मशिनं आली, खाटा आल्या. आई दाराच्या काचेला नाक लावून बघून आली. आठवड्यातून तीनदा तिला रिक्षाने बोरीवलीला न्यावं लागतं. येताना ती माझ्या खांद्यावर मान टाकून असते, घर आलं तरी डोळे उघडत नाही. "आता मी चलत जातलंय, तुझी रिक्षा नको," असं म्हणाली होती, खूश होती. कोनशिलेचं काम माझ्याकडेच आलं. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं. हल्ली अक्षरं मशीन कापतं, पण शेवटचा हात मी छिन्नीनेच फिरवतो, तुमच्यासारखा.

पक्ष फुटल्यापासून आपल्या भागात एका दमात दोन नावं घ्यायची सोय राहिलेली नाही. केंद्र मंजूर करून आणलं एका गटाच्या पुढाऱ्याने, बांधून घेतलं दुसऱ्याच्या. दोघं आधी एका ताटात जेवणारे. उद्घाटन त्यातल्या एकाच्या, आमदारांच्या हातून ठरलं आणि दगडावर दुसऱ्याचं नावच नव्हतं. आदल्या संध्याकाळी माझा शाळेतला दोस्त दुकानात आला. तो दुसऱ्या गटाचा. दुकान तोडायला पालिकेची गाडी आली होती तेव्हा हाच आडवा उभा राहिला होता, त्यामुळे त्याला नाही म्हणणं मला जमत नाही. "उद्या दगड गेला नाही पाहिजे रे. तडा गेला म्हणून सांग ना. आमच्या साहेबांचं नाव घालायला लावतो, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे यार." मी हो म्हटलं. इतकं सोपं होतं ते. दोन दिवसांनी कोणाचं काय बिघडतं, असंच वाटलं.

सकाळी आमदारांच्या माणसाला फोन केला, दगडाला तडा गेला म्हणून. वाटलं, दगडाशिवाय फीत कापतील. पण निरोप आला, नावच नाही तर पडदा कशावरचा ओढायचा, कार्यक्रम पुढे ढकला. आणि दुसऱ्याच दिवशी आचारसंहिता लागली. निवडणूक होईपर्यंत उद्घाटन बंद. मी धावत केंद्रावर गेलो, तिथल्या डॉक्टरबाईंना म्हटलं, समारंभ राहू दे, कुलूप तरी काढा. त्या हळूच म्हणाल्या, "चावी माझ्याकडेच आहे हो. पण उद्घाटनाआधी पेशंट घेतला तर दोन्हीकडचे मिळून माझी बदली करतील. तेवढ्यापुरते एक होतील." एरवी मी हसलो असतो. आत मशिनं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, आणि बाहेर मी उभा, एका फोनने ती बंद पाडणारा. आता निवडणूक झाली, आचारसंहिता उठली, तरी उद्घाटन कोण करणार यावरून दोन गटांची पत्रापत्री चालू आहे आणि कुलूप तसंच आहे.

तुमचा एक दिवस सारखा आठवतो. मी कॉलेजात होतो. एका आजोबांनी बायकोच्या नावाचा छोटा दगड सांगितला होता, बागेतल्या बाकाला लावायला. मी विसरलो, आणि दगडात तड्यासारखी शीर निघाली म्हणून ठोकून दिलं. तुम्ही आत बसून ऐकताय. छिन्नी खाली ठेवता, उठता, मला त्यांच्यासमोर उभं करता. "खरां काय तां सांग. दगडार ढकलू नको, तो काय बोलूक येवचो नाय." माझे कान तापतात. आजोबा म्हणतात, जाऊ द्या हो. तुम्ही जाऊ देत नाही. तेव्हा मला तुमचा इतका राग आला होता की आठवडाभर बोललो नव्हतो.

आज येताना हायवेवर रिक्षा अडकली. आईला उलटी झाली, सगळी माझ्या शर्टावर. ती पदराने पुसत राहिली, तिलाच लाज वाटत होती. आता सांगून टाकू म्हणून मी तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "दगडाक तडो गेलो, तेका तू काय करतलस? जीवाक लावून घेव नको." मग तिने पुढाऱ्यांना यथेच्छ शिव्या घातल्या, दोन्ही गटांना सारख्या. मला एकही नाही.

दगड इथेच आहे, गोणपाटाखाली, धडधाकट. परवा पुन्हा बोरीवलीची फेरी आहे. तेव्हा आईला सांगेन, असं लिहून थांबणार होतो. पण ते माझ्याने होणार नाही. तिला वाचता येतं, बाबा, म्हणून हा कागद घरी नेणार नाहीये. इथेच फाडून टाकणार आहे.