हॉटेलवाल्यांना मी दिलेला आशीर्वाद

तीर्थस्वरूप एउलोहियाताईस,

धाकट्या फिदेलियाचा वाकून नमस्कार. मेरिदाच्या उन्हात तुझे गुडघे कसे आहेत? औषध घेतेस ना? (घेत नसशीलच.) इकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून. गेले पाच दिवस मी इतकी भडकले आहे की माझ्या हातच्या मक्याच्या तोर्तिया तव्यावर रोज करपतात आणि घरातले त्या मुकाट्याने गिळतात.

जंगलातलं ते नवं हॉटेल तुला माहीत आहेच. त्याचं सांडपाणी फेब्रुवारीपासून आपल्या डोहात उतरतंय. पाण्याला घाण वास येतो, खालच्या आळीतली तीन लेकरं जुलाबांनी आडवी झाली. आम्ही चार अर्ज दिले. व्यवस्थापक रामीरो (राजधानीचा माणूस, ऊन दिसलं की छत्री धरायला नोकर बोलावणारा) चारही वेळा "बघतो" म्हणाला. मग एक दिवस स्वतःच दारात हजर. मला वाटलं, लाज वाटली असेल. कसली लाज! त्याला 'माया वारसा सोहळ्या'साठी आपल्या माया लोकांतली एक बाई हवी होती!

त्याआधी त्याने आपल्या सिश्तो आजोबांना बोलावलं होतं. पन्नास वर्षं गावासाठी पावसाची प्रार्थना करणारा माणूस! त्यांची टोपी-चष्मा बघून हा दीडशहाणा म्हणतो, "आजोबा, तुम्ही अस्सल वाटत नाही." त्यांच्या जागी तिकडे उत्तरेत मोंतेर्रे शहरातल्या व्यायामशाळेतला एक पठ्ठ्या उभा केला, डोक्यावर मोराची पिसं खोवून. (मोर! आपल्याकडे!)

मला म्हणाला, "बाई, तुमच्या भाषेत काहीही बोला. पाहुण्यांना कुठे कळतंय? आवाज तेवढा गूढ ठेवा."

"काहीही?"

"अगदी काहीही."

मग मी बोलले, ताई. आभाळाकडे हात करून, गूढ आवाजात, दीडशे पाहुण्यांसमोर: "या रामीरोच्या संडासाचं पाणी आमची पोरं पितात. ज्याच्या अंगात आपलं रक्त आहे त्याने आज याला तेच पाजावं!" पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, एक बाई तर हुंदके देऊन रडली. पण वाढपी, माळी, आचारी, खोल्या झाडणाऱ्या पोरी, सगळे आपल्याच गावांतले. त्यांनी हातातलं खाली ठेवलं. सिश्तो आजोबांच्या नातीने डोहाच्या पाण्याचा ग्लास रामीरोपुढे धरला. "घ्या ना, साहेब." साहेब पांढरेफटक! घोटही घेतला नाही.

मग दोन दिवस हॉटेलात चूल पेटली नाही की चादर बदलली नाही. तिसऱ्या दिवशी टाकी उपसायला गाडी आली, सांडपाण्याची नळी फिरवायला मजूर आले. तरी माझा राग उतरलेला नाही. आजोबांची माफी त्याने अजून मागितलेली नाही.

तुझी संतापलेली,
फिदेलिया

ता. क. पाहुण्यांना तो 'आशीर्वाद' फार आवडला. आता दर शुक्रवारी हवाय म्हणे. मी हो म्हटलंय. अट एकच: शेजारी खुर्चीवर सिश्तो आजोबा, टोपी-चष्म्यासकट.

आणखी एक ता. क. मुद्द्याचं राहिलंच. रामीरोने आपल्या भाषेची शिकवणी लावली आहे. आजीच्या त्या जुन्या शिव्या, ज्या कुठल्याच शिकवणीत सांगत नाहीत, त्या फक्त तुला पाठ आहेत. शुक्रवारच्या आत सगळ्या लिहून पाठव. वारसा आहे, बुडायला नको. आणि पाकीट नीट चिकटव, आपला पोस्टमन गावभर वाचून दाखवतो.