वाटी रिकामी झाली का

आई, तुम्ही गेल्यावर मी तुमच्याशी कधी बोलले नाही. फोटोला हारसुद्धा तुमचा मुलगाच घालतो. आज लिहायला बसले, कारण जीव हलका झालाय आणि सांगायला दुसरं कुणी नाही. चौथीपर्यंतची शाळा माझी. चुका होतील, तुम्ही त्या तशाही काढायच्याच.

तुमच्या नातवाला, माझ्या मुलाला, मुलगी झाली. बाळ छान आहे, पण सूनबाईला टाके पडले आणि घरी आल्यापासून ती संडासला जाईना. भीतीनं. "मम्मी, टाँके खुल जाएँगे," एवढंच तिच्या माहेरच्या हिंदीत म्हणायची आणि रडायची. मग जेवण सोडलं, म्हणजे जायलाच नको. दूध आटायला लागलं, बाळ रात्रंदिवस किरकिर करायला लागलं. आणि आम्ही शहाणे काय करत होतो? माझ्या माहेरून डिंकाचे लाडू, नणंदेकडून मेथीचे, वर मी तूप सोडतेय. पाणी मात्र घोट घोट, बाळंतिणीला पाणी कमी द्यावं म्हणून. डॉक्टरीणबाईंना फोन लावला तर त्यांनी मलाच झापलं. पाणी कुणी बंद केलं? भरपूर द्या, सिरप लिहून दिलंय ते द्या, आणि अंजीर भिजवून द्या. त्यात चोथा असतो, पोट नरम राहतं, थोडं लोह आणि कॅल्शियमही मिळतं. पण गोड असतं, मूठभर देऊ नका.

अंजीर म्हटलं आणि तुम्ही समोर उभ्या राहिलात. मी ओली बाळंतीण, आणि तुम्ही खिळ्यावरची अंजिराची माळ काढताय. दोऱ्यातून दोन ओढायची, बोटांनी फाडून खिडकीच्या उजेडात धरायची, आत अळी असते म्हणून. मग काठ चेपलेल्या त्या वाटीत कोमट पाणी, वर झाकण. सकाळी कुस्करून पाण्यासकट माझ्यासमोर. बोलणं काही नाही. तुमच्या घरी पिढ्यान् पिढ्या दरबारची चाकरी झालेली, पोटाचं नाव काढणं म्हणजे पाप. मी एकदा सासऱ्यांसमोर सीधं बोलून गेले, की आई, साफ होत नाही मला. ते पेपर घेऊन उठून गेले. तुम्ही लाल झालात. "तोंडाला काही दार आहे की नाही तुझ्या?" त्यानंतर रोज सकाळी तुमचं एकच, "वाटी रिकामी झाली का?" मला वाटायचं, महागाचा मेवा सुनेनं टाकला तर नाही ना, हे बघताय. चिडून मी वाटी आपटायची.

मुलाला फ्रीगंजच्या बाजारात पिटाळलं. तो डबाबंद, चकचकीत अंजीर घेऊन आला. परत पाठवलं, माळ आण म्हटलं. फाडली, बघितली, भिजवली. सूनबाईनं नाक मुरडलं. "ये तो कीचड़ लग रहा है." मी म्हटलं, कीचड़ तर कीचड़, पी. औषध दिलं, पाण्याची बाटली हातात दिली आणि लाडवांचे डबे वरच्या फळीवर चढवले.

दोन सकाळी काही नाही. आज ती आत गेली, कडी लावली आणि बराच वेळ आवाज नाही. मी दाराबाहेर उभी. मी, जिला तुम्ही आयुष्यभर तोंडाळ म्हणालात. सरळ विचारायचं ना? पण आतून तिचा हुंदका आला आणि माझी जीभच उचलेना. शेवटी तोंडातून निघालं काय, तर "वाटी रिकामी झाली का गं?"

मग ती हसली. खरंच हसली, रडता रडता. "हो गया, मम्मी." गल्लीभर ऐकू जाईल एवढ्या जोरात. बाहेरच्या खोलीत तुमच्या मुलानं पेपर तोंडावर धरला, बापासारखाच. मी ओट्याशी जाऊन बसले. तुम्ही मेव्याचं विचारत नव्हतात, हे मला तेव्हा कळलं. इतक्या वर्षांनी, संडासाच्या दाराशी.

आता ती पोटभर जेवून झोपलीय, कुशीत बाळ. हा कागद मी अंजिराची माळ ठेवलेल्या डब्यात तळाला घालणार. आणि एक, कुणाला सांगितलेलं नाही. आज वाटीत तीन भिजवलीत. तिसरं माझं. या वयात मलाही त्रास होतो, आणि मला विचारणारं आता घरात कुणी नाही.