मावशीच्या अंगणातला दगड

तीर्थरूप मावशीस, तुझ्या शिंपी भाच्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांनी संप पुकारलाय, म्हणून तो कागदावरच गोड मानून घे.) तुझी कंबर कशी आहे? कानाचं यंत्र लावतेस, की अजून डब्यातच जपून ठेवलंयस? मी बरा म्हणायचा. एका जागी बसवत नाही. हे पत्रसुद्धा कापायच्या टेबलापाशी उभ्यानं लिहितोय. काल याच धांदलीत एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. गिऱ्हाईक भलं होतं, घालून पाहिल्यावरच ओरडलं.

या धांदलीचं कारण असं, की नदीच्या अलीकडचा आमचा धर्मग्राम आणि पलीकडचा तुमचा, बिशप एक करणार आहेत. दोन चर्चना मिळून फादर एकच. (नवे फादर हल्ली पिकत नाहीत.) ज्यांचं चर्च जुनं, त्यांच्याकडे फादर राहणार, दुसऱ्यांना महिन्यातून एकाच रविवारी मिस्साची प्रार्थना, एरवी कुलूप. झालं! दोन्ही काठांवर इतिहास लिहायची घाई सुटली. आमच्याकडे हे काम मास्तरांचं, पण ते लेकीकडे राहायला गेले आणि फादरांची नजर माझ्यावर पडली. मी म्हटलं, फादर, मी झगे शिवतो, इतिहास नव्हे. ते म्हणाले, "नाहीतरी तुझ्या पायाला भिंगरी आहे. फिर आणि विचारून ये."

फिरलो. आमचं पहिलं चर्च गवताच्या छपराचं, ते जळालं. दुसरं दगडी, ते पुरात बसलं आणि त्याचे कागदही वाहून गेले. आत्ताचं तिसरं, म्हणजे तुमच्यापुढे कालचं पोर. दुसरं तुमच्याहून जुनं होतं हे इथलं शेंबडं पोरही सांगेल, पण बिशपांना आठवणी नकोत, पुरावा हवा; इथेच घोडं पेंड खातं. त्यात तुमच्याकडचा इतिहासकार म्हणजे तुमचा पोस्टमन. दिसलो की सायकल थांबवून मला सालं ऐकवतो. एका आजोबांकडून मी तासन्‌तास पुराची हकीकत लिहून घेतली. शेवटी तो पूर भलत्याच नदीचा निघाला. घंटेवर साल असेल म्हणून मनोऱ्यावर चढलो, तर साल नव्हतं, मधमाश्या होत्या. (डावा कान अजून फुगलेलाच आहे.)

शेवटी घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्यानं सांगितलं, पडलेल्या चर्चमधलं बाप्तिस्म्याचं दगडी कुंड शाबूत राहिलं होतं. आठ कोनांचं, तळाला भोक, आतून साल कोरलेलं. ढिगारा उपसायला आलेला एक गाडीवाला ते उचलून घेऊन गेला. कुठे, ते कोणालाच ठाऊक नाही. असो. बाकी विशेष काही नाही. सहज आठवण आली म्हणून लिहिलं.

तुझा,
भाचा

ता. क. : गाडीवाले कोण, ते तुला मी सांगायला नको. सुट्टीत तू मला अंगणातल्या त्या आठकोनी दगडात बसवून न्हाऊ घालायचीस आणि पाठीला काहीतरी टोचतं म्हणून मी भोकाड पसरायचो. मावशी, ते आकडे होते! (म्हणजे फादरांनी मला एकदाच बाप्तिस्मा दिला, तू दर उन्हाळ्यात. गुण दोन्हींचा सारखाच आला.) तो दगड दे. त्यात कपडे धुतेस, त्यासाठी वॉशिंग मशीन देतो.

पुन्हा ता. क. : पत्र तुमचा पोस्टमनच आणणार, म्हणून पाकीट शिवलंय. टाके उसवलेले दिसले तर दगडावर गोधडी टाक आणि वर बसून राहा. तुझ्याच चर्चला कुलूप लावायला तुझीच मदत मागतोय, हे मला कळतं. लाज वाटते. पण तुझा आणि आईचा बाप्तिस्मा त्याच कुंडात झाला, आणि आई इथल्याच मातीत आहे. रविवारी तिच्या उशाशी घंटा वाजली नाही, तर मला सहन होणार नाही.

शेवटचं : नव्या नवरीला कपडे घेऊन नदीवर जावं लागू नये म्हणून काकांनी तो दगड एकट्यानं गाडीत चढवला, असं तू सांगायचीस. आम्हाला ती थाप वाटायची. इथला गवंडी म्हणतो, सहा माणसांशिवाय तो जागचा हलणार नाही. काकांचा तुझ्यावर किती जीव होता, ते मला आज कळलं. रविवारी मिस्सानंतर आम्ही सहाजण येतोय. नाही म्हणालीस, तर जेवून परत जाऊ.